संबळ पुढून ऐकू आला

त्या दिवशी तो प्यायला नव्हता.

एवढं आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना माझा धीर सुटला तर निदान हे तरी कागदावर राहील.

ज्याच्याविषयी लिहितोय तो सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा माणूस. भात आणि नागली पिकवणारा. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा होतो. गावातली ठरलेली माणसं देवांचे लाकडी मुखवटे बांधतात आणि वाजतगाजत नाचतात. याला ते सोंग घेणं म्हणतात, आणि एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. त्याच्या घराकडे देवीचं सोंग होतं. ते माझ्यामुळे गेलं.

मी साउंडवाला. इंदिरानगरात माझं दुकान होतं आणि लग्नं, गणपती, नाटकं, प्रचाराच्या सभा, सगळीकडे माझे स्पीकर जायचे. या धंद्यात माणूस कायम धास्तावलेला असतो. कुणाचा पाय वायरीत अडकेल, ओल्या गवतात करंट उतरेल, जनरेटर दम टाकेल. लोकांना वाटतं आम्ही माइकच्या शिट्टीला घाबरतो. शिट्टी लोक हसून सोडून देतात. खरी भीती असते ती आवाज जाण्याची. चालू कार्यक्रमात आवाज गेला की सगळं मैदान एकदम मान वळवून तुमच्याकडे बघतं. ती मान वळलेली गर्दी मी तरुणपणी एकदाच पाहिली होती. त्यानंतर उभ्या आयुष्यात मी चालू कार्यक्रमात आवाज बंद पडू दिला नाही, याचा मला अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यात एक मोठा कलामहोत्सव भरला. मोठ्या स्टेजसाठी मुंबईची कंपनी आणली होती, आणि मळ्याच्या कडेचं लहान स्टेज मला दिलं होतं. आयोजकांपैकी एक तिशीतली मुलगी माझ्या स्टेजचं बघायची. भली मुलगी. "काका, तुमच्याकडे सगळे वेगळे कलाकार आहेत हं," असं तिने मला आधीच सांगितलं होतं.

ते खरंच होतं. मी माणसं माइकवरून लक्षात ठेवतो. एक कुंभार होता, त्याला चाकाचा आवाज लोकांना ऐकवायचा होता, म्हणून मी चाकाखाली माइक बांधला. तिथून जी घरघर निघाली ती ऐकून शेजारच्या शेतातली कुत्री भुंकायला लागली. गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारी एक मुलगी माइक ओठांना लावूनच गायची आणि प्रत्येक श्वास दमेकऱ्यासारखा ऐकू यायचा. बांबूवर चालणारा एक उंच माणूस माझ्या वायरींवरून टांगा टाकत जायचा आणि तो जवळ आला की मी अक्षरशः डोळे मिटायचो. मूकाभिनय करणारा एक जण होता. त्याला माझी काहीच गरज नव्हती. तो मिक्सरपाशी येऊन, तोंडाने काही न बोलता, माझीच नक्कल करायचा, कपाळाला आठ्या, हात बटणांवर, नजर आभाळाकडे. पोरी हसायच्या. मीही हसलो. पण मी असा दिसतो हे बघून बरं वाटलं नाही.

संध्याकाळचा शेवटचा कार्यक्रम बोहाड्याचा होता. पाड्यावरून सोंग घेणारा तो, त्याचा धाकटा भाऊ आणि टेंभा धरणारा एक जण, असे तिघेच आले होते. धाकटा संबळ वाजवायचा, म्हणजे कमरेला बांधायचा जोडढोल. दुपारी आम्ही आवाज तपासायला बसलो.

"तू इथे बस," मी धाकट्याला स्टेजचा मागचा कोपरा दाखवला. "दोन माइक लावतो, एकेका ढोलाला एकेक."

"बसू कसा? मी त्याच्या म्होरं असतो. त्याच्याकडं तोंड करून उलटा चालतो."

"स्टेजवर उलटा चाललास तर तूच खाली जाशील."

"आजवर नाय गेलो."

"आणि माइक घेऊन स्पीकरपुढे आलास की शिट्टी मारेल. सगळी मजा जाईल."

तो हसला. "शिट्टी तुमचा माइक मारतो, आन्‌ बसायचं आम्ही व्हय?"

थोरला शांत उभा होता. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने सडपातळ. तो म्हणाला, "बाबा, मुखवट्यातून दिसत नाय काही. डोळ्याची भोकं लय बारीक. टेंभ्याचा उजेड तेवढा कळतो आन्‌ संबळ ऐकू येतो. संबळ जिकडं, तिकडं पाय जातो."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण त्यातून मी एवढंच काढलं की संबळ त्याला ऐकू आला पाहिजे, आणि ते तर माझं कामच होतं. "काळजी करू नका," मी म्हणालो, "असा ऐकवतो की डोंगरापर्यंत जाईल."

टेंभ्याचं त्या मुलीने आधीच नको म्हटलं होतं. वर कापडी छत, भोवती वाळलेलं गवत. तिचं चूक नव्हतं. टेंभेवाला खाली बसला, धाकटा मागच्या कोपऱ्यात. तपासणी थोरल्याने उघड्या चेहऱ्याने केली, कारण मुखवटा असा उगाच बांधायचा नसतो. त्याला सगळं दिसत होतं, तो भावाभोवती नाचला आणि ठीक आहे म्हणाला.

स्टेजजवळच वाइन चाखायला देणारा स्टॉल होता. तिथल्या पोराने थोरल्यालाही छोटा कप दिला. त्याने नाही म्हणून त्या पोराचा अपमान केला नाही. कप घेतला, दोन ओळींच्या मधे गेला आणि वेलीच्या बुंध्याशी ओतला. मग हात मातीने पुसला. सोंग बांधायचं म्हणून तो सकाळपासून उपाशी होता, हे टेंभेवाल्याने मला चहा घेताना सांगितलेलं होतं. मी हे सगळं पाहिलं होतं. माझ्याशिवाय तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सूर्य मळ्यापलीकडे टेकला तेव्हा तो वर आला. त्या मुखवट्याला बघून खाली बसलेली लहान मुलं आयांना चिकटली. मोठे पांढरे डोळे, लाल तोंड, वर कोरलेला मुकुट. मघाशी वेलीशी कप ओतणारा सडपातळ माणूस त्यात कुठेच उरला नव्हता. सुरुवातीला तो मागच्या कोपऱ्याजवळच, भावाच्या समोर, गोल फिरत राहिला. भाऊ जवळ होता, ढोलाचा खरा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचत होता.

मग मोठ्या स्टेजवर ड्रम सुरू झाले. आमचा संबळ त्यात बुडायला लागला. मी मिक्सरवरची आवाजाची पट्टी वर नेली. अजून थोडी नेली. माझे दोन मोठे स्पीकर स्टेजच्या पुढे, दोन्ही बाजूंना, जमिनीवर उभे होते. संबळ त्यातून कडाडला.

आणि मुखवटा वळला.

कुणी लांबून हाक मारल्यावर माणूस मान उचलतो तसा तो वळला. भावाकडे पाठ करून तो पुढे निघाला, माझ्या उजव्या स्पीकरकडे, ठेक्यात, एकेक पाऊल दाबून. मागे भाऊ डोळे मिटून वाजवत होता. मला दुपारचं वाक्य आठवलं. संबळ जिकडं, तिकडं पाय जातो. त्याच्यासाठी संबळ पुढे होता. तिथे मी ठेवला होता.

माझा हात पट्टीवर होता. खाली ओढली असती तर पुढचा संबळ नाहीसा झाला असता आणि तो जागच्या जागी थांबला असता. मला हे कळलं होतं. नंतर सुचलं असं नाही, त्या क्षणीच कळलं होतं. पण आवाज बंद करायचा म्हणजे सगळं मैदान मान वळवणार, ही भीती माझ्या बोटांत आधी पोचली. मला वाटलं, कडेला येईल तेव्हा कळेल त्याला. पायाला लागेल फळी. मी वाट पाहिली.

स्टेज माणसाच्या छातीएवढं उंच होतं. तो नाचत नाचत त्यावरून खाली गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. भावाला काही दिसलंच नव्हतं, तो वाजवतच होता, आणि माझे स्पीकर तो आवाज पडलेल्या माणसाच्या अंगावर ओतत होते. तेव्हा कुठे मी पट्टी खाली ओढली.

तो कुशीवर पडला होता. पाय नको तिकडे वळला होता. पण दोन्ही हात पायाकडे नव्हते, मुखवट्याकडे होते. मुखवट्याचा एक कान तुटून गवतात गेला होता आणि तो कान तो चाचपडत शोधत होता.

आयोजकांची मुलगी धावत आली. पांढरीफटक पडली होती. "काका, काय झालं? कसा पडला?"

स्टॉलच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "टाकून आला असणार."

तिने माझ्याकडे पाहिलं. आता पोलीस येतील, चौकशी होईल, या वयात कोर्ट बघावं लागेल, हे सगळं मला एकदम दिसलं. मी म्हणालो, "असेल. दुपारी स्टॉलपाशी दिसला होता."

दिसला होता हे खरं होतं. कप कुठे ओतला ते मी सांगितलं नाही. धाकटा भाऊ माझ्या बाजूलाच येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं.

चौकशी झाली नाही, कुणी आलं नाही. तरी कित्येक महिने अनोळखी नंबरचा फोन वाजला की मी तो उचलायचो नाही. पुढच्याच वर्षी गुडघ्यांचं कारण सांगून मी दुकान बंद केलं, सामान विकलं. बॅटरीवर चालणारा एक स्पीकरचा खोका आणि एक माइक तेवढा ठेवला. बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुमचा उजवा हात सारखा ताटावरून खाली काय ओढता हो? कुणाच्या जेवणात येतोय का?" मला ते माहीतच नव्हतं.

यंदा थंडीत दिंडोरीला गेलो होतो. नाक्यावर चहा घेत असताना द्राक्षकाढणीच्या मजुरांची जीप थांबली. त्यातून उतरलेला एक जण माझ्यासमोर आला. मी कप खाली ठेवला. संबळवाला भाऊच होता.

"माइकवाले बाबा ना?"

"हो. भाऊ कसा आहे?"

"हाय. लंगडतो. सोंग गेलं आमच्या घरातून."

"गेलं म्हणजे?"

"गावानं काढून घेतलं. दारू पिऊन देवीला अंगावर घेतली, पाडली, कान मोडला. त्याचं सोंग कसं ठेवतील? मीच सांगितलं ना गावात. तुम्ही बोललात ते."

"त्याने काय सांगितलं?"

त्याने जीपमधल्यांना थांबायची खूण केली. "तो म्हणतो मी संबळाच्या मागं गेलो. आता बाबा, संबळ तर माझ्या कमरेला. मी मागं बसलेला. तो म्होरं गेला. पिल्याबिगर माणूस संबळ सोडून जाईल का? आमच्यात आजवर कुणी गेलं नाय." मग हळू म्हणाला, "आता तर तोच म्हणतो, देवीनंच ढकललं आसंल. माझ्या हातून काही चुकलं आसंल. मुखवट्याच्या खोलीत पाय ठेवत नाय. घाबरतो."

मी घाबरायचं ते तो घाबरत होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "खोका चार्ज करून ठेवते."

बोहाड्याच्या आधी गावात दिवसा मुखवटे बाहेर काढून रंगवतात. त्या वेळेला मी गेलो. मला मारतील असं वाटत नव्हतं. सगळे माना वळवून माझ्याकडे बघतील, याचीच धास्ती होती.

तसंच झालं. पाड्याच्या मधल्या खळ्यावर मुखवटे मांडले होते आणि गावातलं सोंगांचं ठरवणारा म्हातारा बाजेवर बसला होता. मी सांगायला लागलो तशी रंगवणाऱ्यांचे हात थांबले. कपाचं सांगितलं, वेलीच्या बुंध्याचं सांगितलं. मग स्पीकरचं सांगितलं. पट्टीचं सांगितलं नाही. जीभ तिथपर्यंत गेली आणि परत आली.

थोरला एका खांबाला टेकून उभा होता.

म्हातारा म्हणाला, "वाजवणारा मागं आन्‌ वाजणं म्होरं? आसं कसं व्हईल? पाहुणे, तुम्ही शहरातली माणसं, बोलून कायबी पटवाल."

"दाखवतो," मी म्हणालो. "मुखवटा बांधा मला."

"देवीचं सोंग दाखवायला बांधत नाय." तो खवळला. मग आजूबाजूला बघून म्हणाला, "टोपली घाला त्याच्या डोक्यात."

बायका हसल्या. माझ्या तोंडाला टॉवेल गुंडाळून वर खरोखरच माती वाहायची टोपली उपडी घातली. धाकट्याला मागे उभं केलं, त्याच्या संबळाला माइक बांधला. खोका खळ्याच्या पुढच्या टोकाला ठेवायला सांगितला. तिथे खळं संपतं आणि खाली दगडी बांध आहे. थोरला लंगडत गेला आणि खोक्याशेजारी बसला. कोणतं बटण आवाजाचं, ते मी त्याला दाखवलं.

टोपलीत मातीचा आणि माझ्याच श्वासाचा वास होता. काही दिसत नव्हतं. संबळ सुरू झाला, मागे. मला माहीत होतं तो मागे आहे, मीच उभा केला होता. मग थोरल्याने बटण फिरवलं असावं. संबळ पुढे गेला. मी सांगतो, नुसता ऐकू आला असं नाही, तो तिकडे गेलाच. डोकं म्हणत होतं मागे, आणि पाय पुढे पडत होते. मी ठरवून थांबलो, तर थांबल्यावर कुठे तोंड आहे तेच कळेना. पायाखालची जमीन आहे की नाही असं वाटायला लागलं. या काळोखात धरायला फक्त तो एक आवाज होता. मी त्याच्याकडे निघालो. बांध आहे हे माहीत असून निघालो. बायकांचं हसणं थांबलेलं मला ऐकू आलं, आणि तेव्हा मला कळलं की मी कडेला आलो आहे. तरी पाऊल उचललं गेलं.

आवाज बंद झाला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. एक पाय अर्धा हवेत होता.

"थांबा बाबा," थोरल्याचा आवाज खालून, अगदी जवळून आला. "हालू नका."

कुणीतरी टोपली काढली. उन्हाने डोळे दिपले. पुढे दगड दिसले, खोल नव्हते, पण माझं वय बघता पुरे होते. मागे वळलो तर सगळं गाव बांधाकडे बघत होतं. धाकटा संबळ सोडून भावाकडे येत होता आणि मधेच थांबला, पुढे यायला त्याला जमेना. म्हातारा बाजेवरून उठला होता. तो देवीच्या मुखवट्यापाशी गेला, चिकटवलेल्या कानावरून बोट फिरवलं आणि थोरल्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या घरात नेऊन ठेवा. नाचता येत नसंल तर ह्यो नाचंल," आणि धाकट्याकडे मान केली.

थोरल्याने ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. तो अजून खोक्याजवळच बसला होता. त्याने बटण परत थोडं फिरवलं. खोक्यातून खरखर आली. परत बंद केलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, त्या दिशी तुमच्याकडं आसंच बटण व्हतं?"

"होतं."

"हात व्हता त्याच्यावर?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या होत्या.

"होता," मी म्हणालो.

"मी येताना दिसत व्हतो?"

"दिसत होतास. कळलंही होतं मला."

त्याने मान हलवली. रागावला नाही, काही नाही. गुडघ्यावर हात देऊन उठायला लागला, मी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. भावाला हाक मारली. दोघे मिळून मुखवटा उचलून घराकडे गेले, धाकटा त्याच्या पुढे, भावाकडे तोंड करून, उलटा चालत.